२५२० : ‘विचित्र संख्या’ आणि तिच्याभोवतीच्या थापा

व्हॉट्सॲपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातले दावे असे: १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी संख्या असूच शकत नाही, असं जगभरचे गणितज्ञ मानत होते, २५२० ही अशी एकमेव संख्या आहे, ती रामानुजन यांनी शोधली, आणि तिचं रहस्य ७ × ३० × १२ (आठवड्याचे दिवस × महिन्याचे दिवस × वर्षाचे महिने) या कालगणनेत आहे. २५२० ला दहाही संख्यांनी भाग जातो, एवढं खरं.

‘अशी संख्या अशक्य मानली जात होती’
१ ते १० चा नुसता गुणाकार करा: ३६,२८,८००. दहाही संख्या त्यातच आहेत, मग भाग न जाऊन सांगतो कुणाला? ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने ‘लॉज’ (Laws) या ग्रंथात आदर्श नगरातल्या कुटुंबांसाठी ५०४० ही संख्या सुचवली, तीही हेच कारण देऊन: तिला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो.

‘ही एकमेव’
५०४०, ७५६०, १००८०... २५२० ची कुठलीही पट चालते. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे शाळेतला लसावि. तो काढताना २, ४, ६, ८ सगळे गुणत बसलं की उत्तर फुगतं. प्रत्येक मूळ संख्येचा सर्वांत मोठा घात तेवढा घ्यायचा: ८, ९, ५, ७. त्यांचा गुणाकार २५२०. ६ आणि १० वेगळे लागत नाहीत. ८ ऐवजी ४ घेतलात तर १२६० येतात, आणि ८ ने भागल्यावर १५७.५.

‘रामानुजन यांनी शोधली’
लसावि काढण्याची रीत प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडकडेही आहे. रामानुजन यांचं नाव इथे चिकटायला निमित्त मात्र असू शकतं. त्यांचा १९१५ चा शोधनिबंध अतिसंयुक्त संख्यांवर होता: स्वतःपेक्षा लहान कुठल्याही संख्येपेक्षा जिचे विभाजक जास्त, ती अतिसंयुक्त. २५२० ला ४८ विभाजक आहेत आणि तिच्याखालच्या एकाही संख्येला तेवढे नाहीत, म्हणून ती त्या यादीत आहे. पण ७२० (३० विभाजक) आणि ५०४० (६०) याही आहेतच. रामानुजन यांचं कोष्टक ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत, म्हणजे १०,०८० विभाजकांच्या संख्येपर्यंत जातं. त्यात २,९३,३१,८६,२५,६०० ही एक संख्या सुटली होती. एवढं काम बाजूला ठेवून त्यांना शाळकरी लसाविचं श्रेय देणं हा गौरव म्हणायचा की अपमान?

‘७ × ३० × १२ चं रहस्य’
गुणाकार बरोबर, अर्थ शून्य. ३० × १२ म्हणजे ३६० दिवस. त्याची सातपट म्हणजे सात वर्षं, त्यात आठवडा कुठे आला? शिवाय सौर वर्ष सुमारे ३६५.२४ दिवसांचं आणि चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. तरी उत्तर २५२० शी जुळतं ते का, हे मात्र पाहण्यासारखं आहे. ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. नेमका तोच ७ आठवड्यातून आणून लावला की काम झालं. आठवडा आठ दिवसांचा असता तर २८८० आले असते, आणि ७ ने भागताना बाकी ३ उरली असती.

उद्या ‘१ ते २०’ची नवी आवृत्ती आली तर १६ × ९ × ५ × ७ × ११ × १३ × १७ × १९ करून पाहा: २३,२७,९२,५६०.