‘तो स्वतः लढला होता’ म्हणून? कॉटनच्या वॉटर्लूबद्दलचे चार गैरसमज

एडवर्ड कॉटन हा ब्रिटिशांच्या ७व्या हुसार (हलकं घोडदळ) रेजिमेंटचा निवृत्त सार्जंट-मेजर. १८ जून १८१५ रोजी आजच्या बेल्जियममधल्या वॉटर्लूला, ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या हाताखाली नेपोलियनच्या फ्रेंच सैन्याविरुद्ध लढला, पुढे तिथेच माँ-सँ-झाँ गावी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना रणभूमी दाखवू लागला आणि १८४०च्या दशकात त्याने ‘अ व्हॉइस फ्रॉम वॉटर्लू’ हा लढाईचा इतिहास लिहिला. या पुस्तकाबद्दल एक दावा हमखास वाचायला मिळतो: माणूस लढला, तिथेच राहिला, रोज तीच जमीन तुडवली, मग बाकीचे इतिहास हवेत कशाला? पुस्तक जरूर वाचावं, पण हा दावा काही खरा नाही.

‘त्याने सगळी लढाई पाहिली.’ शक्यच नव्हतं. ७वी हुसार ग्रँटच्या ब्रिगेडमध्ये, वेलिंग्टनच्या उजव्या फळीत, टेकाडाच्या मागच्या उतारावर होती. फ्रेंच तोफांपासून आडोसा मिळावा म्हणून वेलिंग्टन सैन्य तिथे ठेवायचा, आणि त्या आडोशामुळे पलीकडचं दिसायचंही नाही. वर तोफा-बंदुकांच्या काळ्या दारूचा धूर. वेलिंग्टनच्या मदतीला आलेलं प्रशियन (जर्मन) सैन्य ज्या प्लांसनुआ गावात दुपारी साडेचारनंतर लढलं, ते तिथून अडीच-तीन किलोमीटरवर, मधल्या चढाच्या पलीकडे. त्या दिवशी प्रशियनांचे सुमारे ७,००० लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. ही एवढी मोठी लढाई कॉटनला ऐकीव माहितीवरच लिहावी लागली असणार.

‘जागेची माहिती तर अचूकच असणार.’ इथे जरा थांबावं लागेल, कारण जागाच बदलली होती. वेलिंग्टनच्या बाजूने लढणारा डच युवराज, ऑरेंजचा राजपुत्र, जखमी झाला त्या ठिकाणी १८२६पर्यंत माथ्यावर सिंहाचा पुतळा असलेला कृत्रिम स्मारक-डोंगर उभा राहिला. उंची ४० मीटरच्या वर, पायऱ्या २२६. त्यासाठी लागणारी लाखो घनमीटर माती शेजारच्या टेकाडावरूनच, ला हे सँत या शेतवाड्याच्या बाजूने खरवडून नेली. त्यामुळे माथा खाली गेला आणि टेकाडाच्या माथ्यावरून जाणाऱ्या ओहँ रस्त्याच्या त्या भागातले उंच बांध नाहीसे झाले. कॉटन गाईड झाला तो यानंतर. ‘घोडदळ इथून चढून आलं’ असं तो दाखवायचा तेव्हा समोरचा चढ १८१५चा नव्हताच. लढाईची प्रतिकृती बनवणाऱ्या विल्यम सायबर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३०मध्ये तिथे कित्येक महिने राहून मोजणी केली, तीही डोंगर झाल्यावरचीच. म्हणून उताराबद्दलचं कोणतंही वाक्य १८२०च्या आधीच्या नकाशाशी ताडून पाहावं.

‘रोज सांगून आठवण पक्की होते.’ पक्की होते ती सांगण्याची पद्धत. ऐकणारे बहुतेक इंग्रज, प्रश्न ठरलेले, कॉटनचं हॉटेल आणि वस्तुसंग्रहालयही त्यांच्यावरच चालणारं. वेलिंग्टनच्या सुमारे ६८,००० सैन्यात ब्रिटिश जेमतेम एक तृतीयांश होते; बाकी डच, बेल्जियन आणि जर्मन. त्यांची बाजू अशा फेरफटक्यात कितीशी येणार? वेळांचं तर विचारूच नका. लढाई सुरू झाली ती सुमारे १० वाजता, असं वेलिंग्टनचा अधिकृत अहवाल सांगतो. साडेअकरा ही वेळ आज बहुतेकांना मान्य आहे. घड्याळं एकमेकांशी जुळवलेलीच नसायची. कोणती घटना नेमकी कोणत्या क्षणी, कोणत्या क्रमाने घडली हे कुणालाच आठवणार नाही, असं वेलिंग्टनने ऑगस्ट १८१५मध्येच क्रोकर या ब्रिटिश राजकारण्याला लिहिलं होतं.

‘जुनी प्रत म्हणजे मूळ मजकूर.’ कॉटन १८४९मध्ये वारला. आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या. प्रत घेताना आधी शीर्षकपानावरचं साल आणि आवृत्तीक्रमांक पाहा, मग घडीचा नकाशा जागेवर आहे का ते. १८४९नंतरची प्रत असेल तर एखादी तळटीप ‘कॉटन म्हणतो’ म्हणून उद्धृत करण्याआधी ती त्याच्या हयातीतल्या आवृत्तीत सापडते का, एवढं तपासा.