एका आकड्यावरून स्वादुपिंडाची गाठ ‘साधी’ ठरत नाही

कोल्हापुरात सध्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय: स्वादुपिंडात गाठ दिसली की सीए १९-९ ही रक्ततपासणी करा. आकडा ३७ च्या आत आला तर गाठ साधी, वर गेला तर कॅन्सर. आणि तपासणीच्या नमुन्यासाठी गाठीत सुई टोचू देऊ नका, कॅन्सर पसरतो.

आधी आकड्याचं बघू. शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या शरीरात हा घटक जवळजवळ बनतच नाही, मग कॅन्सर असला तरी आकडा कमीच. उलट पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली, तर कॅन्सर नसतानाही तो भरमसाट वाढतो. दुर्मिळ गाठींत तर याचा भरवसा आणखी कमी. राजारामपुरीतल्या एका वडिलांनी मुलीचा रिपोर्ट दाखवला. सीए १९-९ भोवती लाल पेनानं गोल, शेजारी ‘नॉर्मल’. खाली सीटीच्या रिपोर्टात स्वादुपिंडाच्या शेपटाकडची, म्हणजे निमुळत्या टोकाकडची, सहा सेंटीमीटरची गाठ, थोडी भरीव, थोडी द्रवानं भरलेली. संशय सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझम या दुर्मिळ गाठीचा. तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ही गाठ बहुतेक तरुण मुलींत होते आणि तिची गणना कमी तीव्रतेच्या कॅन्सरमध्येच होते. काढली की बहुतेक जणी बऱ्या होतात. पण साधारण १० ते १५ टक्के जणींत ती पसरते, आणि कुणात पसरेल हे ऑपरेशनआधी खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून तब्येत झेपत असेल तर ती काढतात.

सुईची भीती फार वाढवलेली आहे. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या सोनोग्राफीत, जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून नमुना घेतात. त्या वाटेनं गाठ पसरल्याची उदाहरणं आहेत, पण विरळ. न्यूरोएंडोक्राइन गाठीत, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठीत, त्याच नमुन्यातून केआय-६७, म्हणजे किती टक्के पेशी वाढीच्या मार्गावर आहेत, ते कळतं: ३ टक्क्यांखाली पहिली श्रेणी, २० पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. सुईत गाठीचा कणभरच भाग येतो, त्यामुळे ऑपरेशननंतर श्रेणी बदलूही शकते. सीटीवर चित्र स्पष्ट असेल आणि ऑपरेशन ठरलंच असेल, तर सुई लागतेच असंही नाही.

सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा नाहीतर खासगीत, सोबत सीटीची सीडी न्या, नुसता कागद नको. विचारा: गाठ कुठल्या जातीची वाटते? स्वादुपिंडाची मुख्य नलिका किती फुगली आहे? न्यूरोएंडोक्राइन असेल आणि दोन सेंटीमीटरपेक्षा लहान, त्रास न देणारी असेल, तर नुसती नजर ठेवून चालेल का?