फोटो बघून "खा बिनधास्त" म्हणणाऱ्यांसाठी

पाऊस लागला की दरवर्षी कुणीतरी तसलाच फोटो टाकतं. सोसायटीचं लॉन, त्यात ताटलीएवढी पांढरी अळंबीची छत्री, मापाला शेजारी चप्पल, आणि वर प्रश्न: "ही खायची असते का?" दहा मिनिटांत खाली उत्तरं हजर. "आमच्या गावाला हिची झकास भाजी करतात." "कुत्र्याची छत्री आहे, फेका." एखादा ॲप लावून नावही देतो. छत्री उलटी करून बघितली का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

लॉनमधल्या अशा छत्रीबद्दल माझा पहिला संशय क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस या विषारी अळंबीवर असतो. पांढरी टोपी, मध्यावर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारी बांगडी. टोपीखालच्या पात्या आधी पांढऱ्या असतात, म्हणून माणूस फसतो. पूर्ण उमललेली टोपी कापून पांढऱ्या कागदावर पालथी घाला, वर वाडगं झाका, रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर हिरवट भुकटी दिसली तर संशय खरा. ही खाल्ली की दोनतीन तासांत उलट्या-जुलाब सुरू.

आपली वारुळाची अळंबी वेगळीच. वाळवी वारुळात बुरशीची शेती करते, त्या शेतीतून ती वर येते. टोपीच्या मध्यावर माती फोडणारं टोक, आणि देठ मुळासारखा खोल वारुळापर्यंत गेलेला. वरून खुडली तर हा पुरावा जमिनीतच राहतो. मग फोटोत काय डोंबल दिसणार?

"कोकणातल्या आज्या कधी चुकतात का?" हा ठरलेला युक्तिवाद. अहो, आजीला तिचं वारूळ माहीत असतं. तिथं कोणत्या आठवड्यात काय उगवतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलंय. तिला पुण्याच्या लॉनवर आणून उभं करा, ती छत्रीला हात लावणार नाही. तिचा हवाला द्यायचा तर तिची ही सावधगिरीही घ्या ना!

विषारी अळंबीनं चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किडे खातात म्हणजे चांगली, हे सगळं थोतांड. डेथ कॅपसारख्या जीवघेण्या अळंबीच्या जातींतलं ॲमाटॉक्सिन हे विष उकळून, तळून, वाळवून जात नाही. ते खाल्ल्यावर त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. मध्ये एखादा दिवस बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि तोवर यकृत निकामी व्हायला लागलेलं असतं. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन 13 जण गेले.

कुणी खाल्लीच असेल तर त्रास व्हायची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. उरलेली अळंबी, सोललेले तुकडे, अगदी कचऱ्याच्या डब्यातला देठसुद्धा कागदी पिशवीत घालून सोबत न्या. कधी खाल्ली आणि किती वाजता त्रास सुरू झाला, हे डॉक्टरांना आधी सांगा.