कब कॅडेटच्या हायड्रोस्टॅटिक पंपाबद्दल आलेल्या एक स्टार अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या कब कॅडेट ट्रॅक्टरच्या पंपाबद्दलचा अभिप्राय परवा रात्री वाचला. लगेच लिहिलं नाही. आधी जॉबकार्ड काढलं, ज्यांनी काम केलं त्या मिस्त्रींशी बोललो. तुम्ही लिहिलंय की आठ दिवस सांगून सात आठवडे लावले, 18,000 सांगून 41,500 घेतले, जुने पार्ट दिले नाहीत, आणि एवढं होऊनही गाडी तापली की चढावर ओढत नाही. म्हणजे पंप उघडलाच नसावा, असा तुमचा संशय आहे. हे शेवटचं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे.

आठ दिवस आणि 18,000 हे मी पंप उघडायच्या आधीच बोलून बसलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या काळापासून आमचं शेड आहे, जेसीबीचे आणि ऊसतोडणी यंत्रांचे पंप रोज उघडतो, त्या सवयीनं तोंडातून आकडा गेला. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीला ही सवय चालत नाही, हे मला कळायला हवं होतं. नंतर खर्च वाढत गेला तेव्हा एकदाच फोन केला, तोही घाईत. याबद्दल तुमची मनापासून माफी मागतो.

आता पंपाबद्दल. ही गाडी इथं फारशी कुणी पाहिलेली नाही म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं 1966 साली कब कॅडेट या छोट्या बागकामाच्या ट्रॅक्टरला हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह दिला. यात गिअर बदलायचे नसतात. इंजिन पंप फिरवतं, पंपाचं तेल मोटर फिरवतं आणि मोटर मागची चाकं. लिव्हर पुढं सरकवली की पंपातली स्वॉश प्लेट, म्हणजे पिस्टन जिच्यावर टेकतात ती चकती, कलते, पिस्टनचा स्ट्रोक वाढतो, गाडी पळते. प्लेट उलटीकडं कलली की रिव्हर्स. सरळ उभी असली की गाडी थांबते. पंप आणि मोटर पाठीला पाठ लावून बसवलेले असतात आणि तेल त्या दोघांतच गोल फिरत राहतं. झिरपून जाईल तेवढंच तेल छोटा चार्ज पंप भरून काढतो.

तुमच्या गाडीचा ड्रेन प्लग काढला तेव्हा ताकासारखं तेल आलं. 2021 च्या महापुरात शेडमध्ये पाणी होतं हे तुम्हीच सांगितलंत. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर चढलं होतं. पुरानंतर लोक इंजिन उतरवतात, कार्ब्युरेटर साफ करतात, मागच्या हौसिंगचं, म्हणजे याच पंपाचं, तेल मात्र कुणी बघत नाही. तुमच्या गाडीत ते पाणी दोन पावसाळे तसंच राहिलं. पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले होते. पिस्टनच्या टोकाचे स्लिपर, म्हणजे स्वॉश प्लेटवर घासत जाणारे बूट, एका बाजूनं खरवडले होते. तेलाची ये-जा जिच्यातून होते त्या व्हॉल्व्ह प्लेटवर नखाला लागतील अशा रेघा होत्या.

त्यात गाडी शेतातून रस्त्यापर्यंत पिकअपला दोर बांधून ओढत आणली. चाकं फिरली की मोटर फिरते आणि उलटी तेल ढकलू लागते. इंजिन बंद असल्यानं चार्ज पंप मात्र थांबलेला असतो, त्यामुळं झिरपलेलं तेल भरून निघत नाही आणि भाग कोरडे घासतात. म्हणून ही गाडी चार हात ढकलायची तरी पंपाच्या डोक्यावरचे व्हॉल्व्ह दाबून धरावे लागतात. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. तुम्हाला दोष देत नाही, फक्त नुकसान कुठून वाढलं ते सांगतोय.

व्हॉल्व्ह प्लेट आम्ही सरफेस प्लेटवर लॅप केली, म्हणजे अगदी सपाट पाट्यावर घासून सपाट केली, आणि निळा रंग लावून उंचसखलपणा राहिला नाही ना हे तीन वेळा तपासलं. ट्रनियनचं, म्हणजे स्वॉश प्लेट ज्यावर कलते त्या खुंटीचं, झिजलेलं भोक मोठं करून त्यात लेथवर बनवलेला बुश ठोकला. ही कामं इथंच झाली. कोल्हापुरात इंजिनाचे ब्लॉक ओतले जातात, त्यामुळं पिस्टनही इथंच का नाही केले असं तुम्ही विचारलं होतंत. पिस्टन आणि त्याच्या बोअरमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही खूप कमी लागते. फट जास्त झाली की तेल तिथूनच निसटतं. जमेल असा दावा करून तुमच्या पंपावर प्रयोग करणं मला पटलं नाही. म्हणून सिलिंडर ब्लॉक आणि पिस्टनचा जुळलेला जोड अमेरिकेतून मागवला. सात आठवड्यांतले पाच त्यात गेले, आणि वाढलेल्या रकमेतला मोठा भाग पार्ट, वाहतूक आणि कस्टमचा आहे. सगळी बिलं फाइलला लावलेली आहेत.

राहिला चढावरचा प्रश्न, आणि इथं माझी दुसरी चूक आहे. पंपातून सुटलेला धातूचा कीस तेलाबरोबर मोटरमध्ये जातोच. मोटर पण उघडूया असं मी म्हणालो होतो, पुन्हा खर्च नको असं तुम्ही म्हणालात, आणि मी ऐकलं. ते जॉबकार्डवर लिहून तुमची सही घ्यायला हवी होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गेज लावून चार्ज प्रेशर, म्हणजे चार्ज पंपाच्या तेलाचा दाब, बघितलं ते गार तेलावर. या पंपाला 70 ते 150 पीएसआय चालतं, आमच्याकडं 120 दाखवलं, सपाट रस्त्यावर गाडी छान पळाली आणि आम्ही सोडून दिली. तेल तापून पातळ झाल्यावर, चढावर, दाब किती टिकतो हे बघितलंच नाही. अर्धा तास चालवून बघितली असती तर मोटर झिजलेली आहे हे इथंच कळलं असतं आणि तुम्हाला पाहुण्यांसमोर गाडी ढकलायची वेळ आली नसती. ते वाचून मला फार वाईट वाटलं.

मोटर उघडून बघायची, लॅपिंगची आणि पुन्हा बसवायची मजुरी मी घेणार नाही. तेल आणि फिल्टर माझ्याकडून. एखादा पार्ट बदलावाच लागला तर आधी तुम्हाला समोर बसवून दाखवीन, किंमत लिहून देईन, तुम्ही हो म्हणालात तरच मागवीन. गाडी परत देताना तापलेल्या तेलावर गेज लावून पंचगंगा घाटाच्या चढावर तुम्हाला शेजारी उभं करून चालवून दाखवू.

जुने पिस्टन आणि ब्लॉक तुमचा जॉब नंबर लिहिलेल्या डब्यात आमच्या मांडणीवर आहेत. ते गाडीबरोबरच द्यायला हवे होते. येऊन घेऊन जा, गंजाचे खड्डे हाताला लागतील.

आणि साहेब, येताना गाडी ट्रॉलीवर चढवून आणा, दोर लावून ओढू नका. ट्रॉली मिळत नसेल तर फोन करा, आमचा टेम्पो पाठवतो.