संगीताचे पाठ केलेले उत्तर आणि आठ बँडचे आमिष

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने एक फिरता संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, “मावशी, एवढे पाठ केले तर पुरेल ना?” तिची आयल्ट्सची, म्हणजे इंग्रजी भाषा किती येते हे तपासणारी परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे; तिच्यात गुण ‘बँड’मध्ये, म्हणजे नऊपर्यंतच्या पायऱ्यांमध्ये मिळतात. ‘म्युझिकवर प्रश्न आला? आठ बँड पक्के!’ असा त्या संदेशाचा मथळा असून, कुणा अनामिक माजी परीक्षकाच्या हवाल्याने त्यात एक तयार उत्तर आणि सहा नियम दिलेले आहेत: उत्तर शब्दशः पाठ करा, प्रत्येक उत्तरात निदान दोन वाक्प्रचार घाला, आवड विचारली तर पाश्चात्त्य अभिजात संगीतच सांगा, बोलताना थांबू नका कारण प्रत्येक विरामाला अर्धा बँड कापला जातो, ब्रिटिश उच्चार करा आणि एका शब्दात उत्तर देऊ नका. मी बरीच वर्षे इंग्रजी संभाषण शिकवते. हाच संदेश याआधी तीन विद्यार्थ्यांनी मला दाखवला होता आणि तिन्ही वेळा मी तो हसण्यावारी नेला, पण आता तो घरातच येऊन पोहोचला असल्याने लिहिणे भाग आहे.

सुरुवात वाक्प्रचारांपासून करते, कारण तिथे संदेशकर्त्याने कळसच गाठला आहे. तयार उत्तरातले पहिलेच वाक्य असे आहे: ‘म्युझिक इज म्युझिक टू माय इअर्स अँड आय फेस द म्युझिक एव्हरी मॉर्निंग.’ यातला ‘म्युझिक टू माय इअर्स’ हा पहिला वाक्प्रचार ऐकून बरे वाटावे अशा बातमीसाठी वापरतात. परीक्षा पुढे ढकलली गेल्याचे कळले, तर ते एखाद्याच्या कानांना संगीत वाटेल. प्रत्यक्ष संगीताला तसे म्हणणे म्हणजे साखर गोड लागते हे मोठ्या थाटात सांगणे होय. ‘फेस द म्युझिक’ या दुसऱ्या वाक्प्रचाराचा अर्थ तर आपल्या चुकीचे परिणाम निमूटपणे भोगणे असा आहे. म्हणजे हे वाक्य बोलणारी मुलगी परीक्षकाला सांगते की रोज सकाळी उठून मी माझ्या कर्माची फळे भोगते, आणि तेही हसतमुखाने. ‘म्युझिक’ हा शब्द दिसला की तो वाक्प्रचार संगीताबद्दलच असणार, असे मानून कुणीतरी कोशातून शब्द वेचले आहेत आणि हजारो विद्यार्थी ते घोकत आहेत.

आता पाठांतराकडे वळते, कारण खरे नुकसान तिथे होते. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या संस्थांच्या या परीक्षेचे बोलण्याचे निकष सर्वांसाठी जाहीर केलेले आहेत आणि ते वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची व्याप्ती व अचूकता आणि उच्चार असे हे चार निकष असून चारही निकषांचे वजन सारखे आहे. प्रत्येक बँडला बोलणे कसे असते याचे वर्णन देणाऱ्या त्यांच्या तक्त्यात पाठ केलेल्या वाक्यांचा उल्लेख कुठे येतो? तीन आणि त्याखालच्या बँडच्या वर्णनात. आठच्या वर्णनात त्याचा मागमूस नाही. पाठांतर केले की लगेच तीन बँड हातात पडतो, असे मी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीची नोंद तक्त्याच्या तळाशी होते तिलाच शिखराचा रस्ता म्हणून विकणे हा खोडसाळपणा आहे.

शिवाय ते उत्तर वापरणार तरी कुठे? सगळी मुलाखत 11 ते 14 मिनिटांची असते आणि तिच्या चार-पाच मिनिटांच्या पहिल्या भागात ओळखीच्या विषयांवर छोटे छोटे प्रश्न येतात. संगीत कधी ऐकता, लहानपणापासून आवड बदलली का, मैफलीला जाणे आवडते की घरी ऐकणे, यांतला कुठलाही प्रश्न समोर येऊ शकतो आणि ‘संगीत हा माझ्या आत्म्याचा श्वास आहे’ हे पाठ केलेले वाक्य यांपैकी एकाचेही उत्तर होत नाही. मी भाचीला ते उत्तर म्हणायला लावले. तिने डोळे छताकडे लावले आणि सबंध परिच्छेद एका सुरात, बातम्या वाचल्यासारखा संपवला. मग मी विचारले, शेवटचे गाणे कधी ऐकलेस? ती गप्प झाली, मग हसली, आणि म्हणाली, ‘यस्टरडे नाइट, आय हर्ड वन साँग एट टाइम्स, बिकॉज माय वन इअरफोन इज नॉट वर्किंग अँड आय वॉज चेकिंग व्हिच वन.’ व्याकरण डळमळीत होते, पण ते वाक्य तिचे होते. आवाज चढला, उतरला, ‘एट’वर जोर आला. दुरुस्त करायला काहीतरी हातात आले ते तिथे.

आणि दुरुस्त करण्याजोगे पुष्कळ असते, फक्त ते या संदेशात औषधालाही नाही. मराठीत आपण ‘गाणी ऐकते’ म्हणतो, मध्ये कुठलाही प्रत्यय लागत नाही, म्हणून इंग्रजीत ‘लिसन म्युझिक’ होते आणि ‘टू’ गळतो. ‘हिअर’ आणि ‘लिसन टू’ यांचा घोळ तर मराठी माणसाने करायलाच नको, कारण ‘ऐकू येणे’ आणि ‘ऐकणे’ हा भेद आपल्याकडे आयता आहे. ‘पाच वर्षांपासून’ या एका रूपामुळे ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ होते. तिथे ‘आय हॅव बीन लिसनिंग टू इट फॉर फाइव्ह इयर्स’ हवे. ‘पेक्षा’मुळे ‘प्रिफर’नंतर ‘दॅन’ येतो, तिथे ‘टू’ हवा. उलट ‘लहानपणी मी रेडिओ ऐकायचे’ यातले ‘ऐकायचे’ म्हणजे नेमके ‘यूज्ड टू लिसन’. आवडीनिवडी बदलल्याचे सांगताना एवढे एक रूप नीट वापरले, तरी दोन्ही वाक्प्रचार ओवाळून टाकावेत इतका फरक पडतो. मात्र हेच रूप आजच्या सवयीसाठी, ‘आय यूज टू लिसन डेली’ असे, वापरू नये.

उरलेल्या नियमांवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. परीक्षक तुमची अभिरुची तपासत नाही, भाषा तपासतो. ज्याने सिम्फनी कधी ऐकलीच नाही त्याने तिचे गोडवे गायले, तर दुसऱ्याच वाक्याला शब्द संपतात. संगीत फारसे ऐकत नाही, भांडी घासताना काहीतरी लावून ठेवते, हेही उत्तम उत्तर आहे, जर ते पुढे नेता आले तर. विरामाची भीती निव्वळ थाप आहे: नऊ बँडच्या वर्णनातही अडखळण्याला जागा ठेवलेली आहे, अट एवढीच की ते थांबणे काय बोलावे याचा विचार करण्यासाठी असावे, शब्द किंवा व्याकरण शोधण्यासाठी नव्हे. ब्रिटिश उच्चारांचेही तेच. आठ बँडला बोलण्यातल्या ढबीमुळे समजण्यात फारसा अडथळा येऊ नये एवढीच अपेक्षा आहे. नक्कल करण्यात वेळ घालवण्यापेक्षा ‘म्युझिक’मध्ये पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘म्यु’वर, येणारा आघात ‘म्युझिशियन’मध्ये दुसऱ्यावर, ‘झि’वर, सरकतो, हे कानाने टिपावे.

सहावा नियम मात्र, नाइलाजाने का होईना, बरोबर आहे. ‘डू यू लाइक म्युझिक?’ याला नुसते ‘येस’ म्हणणाऱ्याला परीक्षक मदत तरी कशी करणार? पण संदेशात त्यापुढे ‘प्रत्येक उत्तर दोन मिनिटांचे हवे’ अशी पुस्ती जोडून त्याचीही माती केली आहे. सलग एक ते दोन मिनिटे बोलायचे असते ते दुसऱ्या भागात, परीक्षकाने दिलेल्या कार्डावरच्या विषयावर, आणि त्याआधी तयारीला एक मिनिट मिळते. पहिल्या भागात थेट उत्तर, त्याचे एक कारण आणि एखादा खरा प्रसंग, अशी दोन-तीन वाक्ये पुरतात. तिथे दोन मिनिटांचे भाषण सुरू केले तर परीक्षक मध्येच थांबवून पुढच्या प्रश्नाकडे वळेल.

भाचीने काल रात्री फोनवर ध्वनिमुद्रित करून नवे उत्तर पाठवले. प्रश्न तोच होता, शेवटचे गाणे कधी ऐकलेस. ‘लास्ट नाइट, अॅक्च्युअली. आय लिसन्ड टू द सेम साँग एट टाइम्स, बिकॉज वन ऑफ माय इअरफोन्स हॅड स्टॉप्ड वर्किंग अँड आय वॉज ट्राइंग टू फाइंड आउट व्हिच वन.’ मग एक छोटा विराम, आणि ‘नाउ आय अॅम हेटिंग दॅट साँग.’ त्या शेवटच्या वाक्यात ‘आय हेट’ हवे, एवढे मी तिला कळवले आहे.