थायलंडचा झिको कोच म्हणून फुसका होता म्हणे!

झिको म्हटलं की गोव्यातल्या माणसाला 2014 ते 2016 असे तीन हंगाम एफसी गोवाच्या बाकावर कोच म्हणून बसलेला ब्राझीलचा झिको आठवतो. थायलंडमध्ये मात्र झिको म्हणजे कियातिसुक सेनामुआंग. गोल केला की मैदानातच कोलांटी मारणारा स्ट्रायकर, पुढे राष्ट्रीय संघाचा कोच. त्याच्याबद्दलचा एक दावा आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींतही फिरत असतो. तो असा: इंग्लंडमध्ये त्याला एक सामना मिळाला नाही, कोच झाल्यावर आयती गुणी पोरं हाताशी आली म्हणून आसियान करंडक (आग्नेय आशियाई देशांची फुटबॉल स्पर्धा) जिंकला, मोठ्या संघांपुढे उघडा पडला, आणि शेवटी भारताकडून चार गोल खाऊन घरी गेला.

भारताचा मुद्दा आधी घेतो, कारण तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे आणि धडधडीत चूक आहे. 6 जानेवारी 2019, अबू धाबी, आशियाई चषक. छेत्रीचे दोन, थापा आणि जेजेचा एकेक, निकाल 4-1. त्या दिवशी थायलंडच्या बाकावर होते सर्बियाचे मिलोवान रायेवाच, 2010 च्या विश्वचषकात घानाला उपांत्यपूर्व फेरीत नेणारे. लगेच नोकरी गेली ती त्यांची. कियातिसुक मार्च 2017 मध्येच राजीनामा देऊन मोकळा झाला होता. आपला विजय खराच, फक्त तो भलत्याच माणसाच्या नावावर मांडलाय.

इंग्लंडचं खरं आहे. 1999 मध्ये हडर्सफील्ड या इंग्लिश क्लबने त्याला घेतलं आणि मुख्य संघातून एकदाही उतरवलं नाही. पण देशासाठी 134 सामन्यांत 71 गोल, खेळाडू म्हणून 1996, 2000 आणि 2002 अशी तीन आसियान विजेतेपदं, हे बाजूला ठेवून एका क्लबच्या राखीव बाकावरून माणूस मोजायचा असेल तर मोजा बापडे.

आता 'आयती पोरं'. हा मुद्दा मला खरोखर चिडवतो. 2013 मध्ये 23 वर्षांखालचा संघ त्याच्याकडे आला तेव्हा काय परिस्थिती होती? 2009 आणि 2011 या लागोपाठच्या दोन सी गेम्समध्ये (आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धा) थायलंड गटातच गारद झालं होतं, तेही ज्या स्पर्धेचं सुवर्ण एके काळी ते हक्काचं समजत. आसियान करंडक 2002 नंतर हातात आला नव्हता. कियातिसुकने 2013 मध्ये म्यानमारमध्ये सुवर्ण मिळवलं, आणि नंतर खरं धाडस केलं: त्याच पोरांना घेऊन तो वरिष्ठांच्या स्पर्धेत उतरला. त्यात जेमतेम पाच फूट दोन इंचांचा चनाथिप सोंगक्रासिन होता, ज्याला बघून कुणीही म्हणालं असतं, याला बचावपटू चिरडून टाकतील. 2014 च्या आसियान करंडकाच्या अंतिम फेरीत बँकॉकला मलेशियाविरुद्ध 2-0 जिंकून संघ क्वालालंपूरला गेला आणि बुकित जलीलच्या गच्च भरलेल्या मैदानावर 0-3 ने मागे पडला. करंडक गेल्यात जमा. 82 व्या मिनिटाला शारिल शाप्वीचा गोल, 87 व्या मिनिटाला चनाथिपचा. दोन्ही सामने मिळून 4-3. खेळाडू आणि कोच अशा दोन्ही नात्यांनी ही स्पर्धा जिंकणारा कियातिसुक पहिला ठरला. 2016 मध्ये पुन्हा जिंकली. अंतिम फेरीत इंडोनेशियात 1-2 ने हरून परतल्यावर घरी 2-0 केलं.

पोरं गुणी होती, वादच नाही. पण ती गुणी आहेत हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण कुणीतरी त्यांना वेळेआधी खेळवलं.

राहिला मोठ्या संघांचा मुद्दा. इथे टीकाकारांच्या हातात दारूगोळा आहे. 2018 च्या विश्वचषक पात्रतेच्या अखेरच्या टप्प्यात त्याच्या सात सामन्यांत एकच गुण आला. इराककडून चार, जपानकडून सैतामात चार, सौदीकडून घरच्या मैदानावर तीन गोल बसले. माझ्या मते बचाव कच्चा होता आणि त्याने तो वेळेत सुधारला नाही, हा दोष त्याचाच.

पण त्या टप्प्यापर्यंत संघ पोचला कसा? इराक असलेल्या गटात पहिला येऊन. इराकशी दोन्ही वेळा 2-2 बरोबरी, व्हिएतनामला हनोईत 3-0. याआधी थायलंड अखेरच्या टप्प्यात होतं 2001 मध्ये, आणि तेव्हा त्या संघात कियातिसुक स्वतः खेळत होता. शिवाय 2014 च्या एशियाडमध्ये याच तरुण संघाने चीन आणि जॉर्डन या दोघांना 2-0 ने घालवून चौथा क्रमांक घेतला. चीन काही आसियानात नाही. आणि तो एकमेव गुण आला नोव्हेंबर 2016 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध. राजा भूमिबोल यांचं नुकतंच निधन झालेलं, गॅलऱ्या काळ्या कपड्यांनी भरलेल्या. तीरासिल दांगदाचे दोन गोल, ऑस्ट्रेलियाचे दोन्ही पेनल्टीवर. त्याच्यानंतर आलेल्या रायेवाचनी उरलेल्या तीन सामन्यांत मिळवला तोही एकच गुण.

'नंतर कुठेच टिकला नाही' असंही शेपूट या दाव्याला जोडतात. थायलंडचा क्लब पोर्ट एफसी, व्हिएतनाममधला हनोई पोलिसांचा संघ, ही दोन्ही कामं अल्पजीवी ठरली, कबूल. पण मध्ये 2021 ते 2023 व्हिएतनामचाच होआंग आन्ह जा लाई क्लब आहे, ज्या क्लबकडून खेळताना त्याने 2003 आणि 2004 ची लीग जिंकली होती. कोच म्हणून परतल्यावर पहिल्याच हंगामात 12 सामन्यांत 29 गुण, तक्त्यात पहिला. मग कोविडमुळे स्पर्धाच रद्द झाली आणि त्या वर्षी विजेता कुणालाच ठरवलं नाही.