पडलं परत बंद!

जुळे सोलापुरात दारापुढं दीड गुंठा हिरवळ. वायर नको, पेट्रोल नको म्हणून गवत कापायला बॅटरीवरचं मॉवर घेतलं. आता दर रविवारी तेच! निम्मं गवत कापलं की गप्प. किल्ली काढ, परत घाल, दांडा दाब... ढिम्म. उलटं करून बघावं (बॅटरी काढूनच हं, पातं बोटं ओळखत नाही), तर खाली ओल्या हरळीचा लगदा थापलेला. तो खरवडला की चालू. दहा मिनिटांनी पुन्हा बंद! आता बॅटरी तापलीय. चार्जरला लावली तर लाल दिवा डोळे मिचकावतो. लिथियमची बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते म्हणे. अहो, इथं मे महिन्यात सावलीतच 43! पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतो ही माझीच चूक, मान्य. म्हणून आता ती महाराणी माठाशेजारी फरशीवर गार होत बसते आणि मी उन्हात. फोन केला तर सर्व्हिसवाला विचारतो, "साहेब, बॅटरी नीट बसवली का?" बायको न बोलता विळा पुढं करते. आणि शेजारचे काका गॅलरीतून, "काय ओ, पडलं का बंद?" दर रविवारी. न चुकता.